‘अनलिमिटेड ग्राफ्ट’चं पॅकेज : काय मिळतं, काय जातं

मुंबई-पुण्यात हेअर ट्रान्सप्लांट आता पॅकेजवर विकलं जातं. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट, एकच दर’, ‘चार पीआरपी फुकट’ (पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा अंश टाळूत टोचणं), ‘बिनव्याजी हप्ते’, ‘आजीवन गॅरंटी’. हे परीक्षण कुठल्या एका क्लिनिकचं नाही, त्या पॅकेजचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. शस्त्रक्रिया चांगली आहे. योग्य डोक्यावर, शिकलेल्या हातांनी झाली तर लावलेले केस वर्षानुवर्षं टिकतात. पण जाहिरातीत जो शब्द सगळ्यात मोठ्या टायपात छापतात, तोच पॅकेजमधला सगळ्यात महागात पडणारा शब्द आहे. अनलिमिटेड.

ट्रान्सप्लांटमध्ये एकही नवा केस तयार होत नाही. मागचा उचलून पुढे लावायचा, एवढंच. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ज्यांची कपाळाकडची आणि टाळूवरची मुळं त्याला हळवी असतात, त्यांचा केस वाढीच्या दर फेरीला थोडा बारीक, थोडा आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. (टक्कल आईच्या वडिलांकडूनच येतं हा समज अर्धाच खरा आहे, जनुकं दोन्ही घरांकडून येतात.) एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणाऱ्या पट्ट्यातली मुळं मात्र डीएचटीला सहसा दाद देत नाहीत, आणि कपाळावर नेऊन लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये हे करून पाहिलं, १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आजचा सगळा धंदा त्या एका निरीक्षणावर उभा आहे. तेव्हा ४ मिलिमीटर रुंदीचे गोल तुकडे लावत. डोकं बाहुलीसारखं दिसायचं. आता केस जसे निसर्गतः एक, दोन, तीन, क्वचित चारच्या झुबक्यांनी येतात तसेच उचलतात. मुळासकट एक झुबका म्हणजे एक ग्राफ्ट.

आता हिशोब. मागचा खात्रीचा पट्टा ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटरचा असतो आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० झुबके. म्हणजे १४ हजार. त्यातला साधारण तिसरा हिस्सा काढला तर मागे फरक दिसत नाही. त्यापुढे गेलं की केस बारीक कापल्यावर डोकं कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसतं. म्हणजे एका माणसाला आयुष्यभरासाठी मिळून चार-साडेचार हजार ग्राफ्ट, फार तर सहा. पुढे खर्च केवढा? टक्कल मोजायच्या नॉरवुडच्या १ ते ७ या मोजपट्टीवर चौथ्या पायरीच्या माणसाचा पुढचा-मधला भाग ७०-८० चौरस सेंटिमीटर धरा. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ३५ ग्राफ्ट लावले तरी २,५०० ते २,८०० गेले. मूळ दाटी ७०-८० ची असताना ३५ कशी पुरते? निम्मे केस जाईपर्यंत डोळ्याला विरळपणा कळतच नाही, त्याचाच हा फायदा. मागचा भोवरा, ज्याला क्लिनिकमध्ये क्राउन म्हणतात, अजून तसाच आहे, आणि तो पुढच्या दहा वर्षांत रुंदावणार आहे. शिल्लक उरली दीड-दोन हजारांची. अशा गिऱ्हाइकाला ‘अनलिमिटेड’ म्हणून एका बैठकीत साडेचार-पाच हजार काढणारा माणूस त्याला काही जास्तीचं देत नसतो. त्याचंच सगळं एका दिवसात उडवत असतो.

म्हणून पॅकेजमधला पहिला तपासायचा भाग सल्ल्याचा. बऱ्याच ठिकाणी तो डॉक्टर देतच नाहीत. समोर बसलेली व्यक्ती काउन्सेलर असते, तिला महिन्याचं टार्गेट असतं, आणि ‘आज बुक केलंत तर दहा हजार कमी’ हे वाक्य पंधराव्या मिनिटाला येतं. खऱ्या सल्ल्यात डॉक्टर डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून आधी मागचा पट्टा बघतात, पुढचं टक्कल नंतर. मागचे केसही जाड-बारीक मिसळलेले दिसले तर ते काढून लावण्यात अर्थ नाही. लावलेलेही बारीक होऊन जातील. केसाची जाडी बघतात, कारण झाकायचं काम संख्येइतकंच जाडी करते. काळा केस आणि गोरी टाळू असेल तर विरळपणा जास्त उठतो, सावळ्या टाळूवर तोच केस दाट वाटतो. वडील, काका, मामा यांचे फोटो मागतात. चाई पडलेली असेल, टाळूला लालसर खवले येऊन केस कायमचे जाणारा दाहाचा विकार असेल किंवा सरसकट सगळ्या डोक्याचे केस गळत असतील तर शस्त्रक्रिया करायचीच नसते. डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती तर आपोआप थांबते. तिच्यावर ट्रान्सप्लांट विकणं ही सरळ लबाडी.

वय हा दुसरा मुद्दा. पंचविशीच्या आत टक्कल कुठवर जाणार ते सांगता येत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला लग्नाआधी शाळेतल्या फोटोसारखी खाली हेअरलाइन आखून दिली, की चाळिशीत पुढे केसांचं बेट, मागे उघडी टाळू आणि मध्ये खाडी. ते बेट हलवता येत नाही. प्रौढ पुरुषाची हेअरलाइन दोन भुवयांच्या मधल्या जागेपासून साधारण ७ ते ८ सेंटिमीटर वर असावी, कानशिलांकडे मागे सरकलेली असावी आणि तिची कड थोडी वेडीवाकडी असावी. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ दिसली की समजायचं, पेन डॉक्टरांच्या हातात नव्हता.

औषधांबद्दल पॅकेजमध्ये एक ओळ असते, वास्तविक तिथेच निम्मा खेळ आहे. लावलेले केस टिकतात. त्यांच्यामधले तुमचे मूळचे केस मात्र गळतच राहतात. ते धरून ठेवायला फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी रोज आणि टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के, ही दोन सिद्ध औषधं. दोन्ही जुनी आहेत: अमेरिकेत टकलासाठी मिनॉक्सिडिलला १९८८ मध्ये आणि फिनास्टेराइडला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष लागतं, औषध थांबवलं की फायदाही ओसरतो. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा किंवा ताठरता कमी होते, काहींना उदास वाटतं. असं झालं तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगायचं. प्रोस्टेटच्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा या गोळीने जवळपास निम्मा दिसतो, तेव्हा चाचणी करताना ते कळवायला हवं. घरात कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, आणि नेमके तिथेच लोक बाटली फेकून देतात. ज्या क्लिनिकने औषधाचा विषय न काढता थेट तारीख दिली, त्याला आमच्याकडून शून्य. फुकटच्या पीआरपीला फार तर अर्धा गुण; थोडाफार उपयोग काहींना होतो, पण त्यासाठी क्लिनिक निवडू नये.

तंत्रांच्या नावांवरून दर बदलतात, त्यामुळे तेही स्वच्छ करू. एफयूटीमध्ये मागून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद कातडीची पट्टी कापून, टाके घालून, पट्टीतले ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करतात. मागे रेघेसारखा व्रण राहतो; केस दोन बोटं वाढवणाऱ्याला तो दिसत नाही, बारीक मशीन मारणाऱ्याला दिसतो. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलिमीटरच्या पोकळ पंचने एकेक ग्राफ्ट सोडवतात. रेघ नाही, पांढरे ठिपके राहतात, आणि मागचं डोकं भादरावं लागतं. आज बहुतेक ठिकाणी एफयूईच होते. डीएचआय म्हणजे ग्राफ्ट पेनसारख्या इम्प्लांटरने लावणं, सफायर म्हणजे छिद्रं पाडायच्या पात्याचं खनिज. दोन्ही ठीक आहेत. पण त्यापायी ग्राफ्टमागे दुप्पट पैसे द्यावेत असा फरक डोक्यावर दिसत नाही. ‘बायो’, ‘स्टेम’, ‘क्वांटम’ असली उपपदं निव्वळ छापखान्याची.

दिसतो तो फरक हाताचा. भिंगाखाली चांगला ग्राफ्ट बघा: कांद्याच्या रोपासारखा, वर केसाच्या एक-दोन काड्या, खाली फुगीर पांढरं मूळ, आणि भोवती चरबीचा पातळ ओलसर वेढा. त्वचेखाली तो ४-५ मिलिमीटर खोल असतो आणि सरळ नसतो, तिरपा जातो. पंचचा कोन चुकला की मूळ मध्येच कापलं जातं. भिंगाखाली असा ग्राफ्ट बिनकांद्याच्या पातीसारखा दिसतो, तो लावून काही उगवत नाही. शंभरात पाचाच्या आत कापले गेले तर हात चांगला, दहाच्या वर गेले तर थांबून पंच आणि कोन बदलायला हवा. चिमट्याने धरायचा तो चरबीला. मुळाला धरला तर चिरडतो. हवेवर राहिला तर काही मिनिटांत सुकतो, म्हणून थंड सलाइनच्या बशीत दहा-दहाच्या ओळींनी मांडून ठेवतात. शरीराबाहेर चार तासांच्या आत लागावा, सहाच्या पुढे जाऊ नये. पाच हजार ग्राफ्टच्या बैठकीत सकाळी काढलेले ग्राफ्ट संध्याकाळी लागतात, हा ‘अनलिमिटेड’चा दुसरा तोटा. लावताना फार खोल गेला तर खड्डा पडतो किंवा केस आतच वळून गाठ होते. फार वर राहिला तर सुकतो, किंवा कातडी खडबडीत होते. पुढच्या दोन-तीन ओळींत फक्त एक केसाचे ग्राफ्ट, तेही कातडीला जवळजवळ टेकतील इतके तिरपे, पुढे तोंड करून. तिथे तीन केसांचे झुबके लावले की जुन्या बाहुलीच्या डोक्याची आठवण होते. भोवऱ्यात तर मूळ फिरत गेलेली दिशा पकडावी लागते.

हे सगळं करतं कोण? पॅकेजच्या कागदावर याचं उत्तर बहुधा नसतंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेत बसून मिळालेलं शिक्षण हेअर ट्रान्सप्लांटला पुरेसं नाही. नोंदणीकृत आणि शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ हे नेहमीचे दोन मार्ग. हेअरलाइन आखणं, भूल देणं, पंच मारणं, छिद्रं पाडणं ही कामं डॉक्टरांनी स्वतः करायची. सुटलेला ग्राफ्ट चिमट्याने उचलणं, मोजणं आणि तयार छिद्रात बसवणं टेक्निशियन करू शकतात, पण डॉक्टर त्याच खोलीत हवेत. प्रश्न असा विचारावा: ‘पंच कोण मारणार, आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे आणखी किती केसेस आहेत?’ उत्तर ‘आमची टीम’ असं आलं तर उठावं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघायला दोन मिनिटं लागतात.

ही शस्त्रक्रिया जागेपणी होते म्हणून ती ब्युटी पार्लरातली नव्हे. २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला होता. भुलेसाठी लिग्नोकेन अ‍ॅड्रेनालिनसोबत देतात, आणि त्याची मर्यादा वजनाला किलोमागे ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाचे साधारण २४ मिलिलिटर. जेवढे ग्राफ्ट जास्त, तेवढे तास जास्त, तेवढी भूल पुन्हा पुन्हा. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज ही मात्रा जास्त झाल्याची पहिली चिन्हं. ती जाणवली तर संकोच न करता लगेच सांगायचं, कारण पुढची पायरी झटक्यांची. खोलीत प्राणवायू, नाडी-रक्तदाबाचा मॉनिटर, तातडीची औषधं आणि जवळ अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय हवं. आदल्या आठवड्यात रक्ताच्या चाचण्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, चाळिशीपुढे ईसीजी. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवायची. सिगारेट निदान दोन आठवडे आधी बंद, आणि नंतरही तेवढीच.

बिलाकडे या. दर ग्राफ्टमागे वीस-पंचवीस रुपयांपासून शंभरापर्यंत फिरतो. ४० रुपयांनी २,५०० ग्राफ्टचा लाख होतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची करमाफी नाही, आणि मेडिक्लेमही देत नाही. तोंडी दरात कर धरलाय की नाही ते आधी विचारा. जाहिरातीत ‘६,००० केस’ लिहिलं असेल तर ते साधारण ३,००० ग्राफ्ट असतात. उलटा खेळही चालतो: तीन केसांचा ग्राफ्ट फोडून एक-एकचे तीन केले की मोजणी वाढते आणि बिल फुगतं. म्हणून बिलावर नुसता एकूण आकडा नको. एक केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती असं मागा. ‘आजीवन गॅरंटी’ची अट वाचलीत तर ती फक्त लावलेल्या केसांची असते. ते तर तसेही टिकतात.

घरी आल्यावरचे पहिले दहा दिवस काटेकोर. पहिल्या तीन-चार रात्री दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसत झोपायचं. जागेपणी तासा-दोन तासाने सलाइनचा फवारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज उतरत डोळ्यांवर येते. बघवत नाही, पण दोन दिवसांत जाते. डोकं धुणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, मगने हळू पाणी ओतून, शॉवरच्या धारेखाली नाही. खपल्या सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत पडतात. नखाने काढली तर खपलीबरोबर ग्राफ्टही येतो. पुणेकरांसाठी खास: दोन आठवडे हेल्मेट नाही, म्हणजेच दोन आठवडे दुचाकी नाही. रिक्षा किंवा पीएमपी. ‘हळूच घालतो’ म्हणून घातलेलं हेल्मेट काढताना हेअरलाइनच खरवडतं. व्यायामशाळा तीन आठवड्यांनी, पोहणं महिन्याने, ऊन टाळून. मे महिन्यातली तारीख घेऊ नये, घाम आणि धूळ दोन्ही नडतात.

मग येतो तो काळ ज्यात क्लिनिकचे फोन सर्वात जास्त वाजतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळून पडतात. काडी पडते, मूळ आत राहतं. आजूबाजूचे मूळचे काही केसही धक्क्याने गळतात, त्यातले बहुतेक परततात. आधीच बारीक झालेले असतील ते कधी परतत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळट केस दिसू लागतात, मधूनच पुळ्या येतात. सहा महिन्यांना अर्धं चित्र, बाराला जवळपास पूर्ण, भोवऱ्याला अठरापर्यंत. त्याआधी ‘फेल गेलं’ किंवा ‘मस्त झालं’ दोन्ही बोलू नये. खरं घाबरायचं कशाला: लावलेल्या भागातला एखादा चट्टा आधी जांभळा आणि मग काळा पडत चालला, ताप आला, किंवा पू येऊन दुखणं वाढलं तर. काळा चट्टा म्हणजे तिथलं रक्त तुटलंय. सिगारेट ओढणाऱ्यांत, मधुमेह आटोक्यात नसलेल्यांत आणि हौसेने फार दाट लावलेल्या जागी हे होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

इस्तंबूलचं पॅकेज हॉटेल आणि विमानतळाच्या गाडीसकट येतं, आणि तिथेही चांगले सर्जन आहेतच. पण स्वस्त पॅकेजमध्ये एका छताखाली दिवसाला कित्येक डोकी होतात, हात टेक्निशियनचे असतात, आणि पाचव्या दिवशी काळा चट्टा दिसला तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवण्याशिवाय हातात काही नाही.

ज्या क्लिनिकला पूर्ण गुण द्यावेत ते ओळखायची एक जागा आहे: घरी सोडताना दिलेला कागद. त्यावर किती ग्राफ्ट काढले, मागच्या कुठल्या भागातून, किती मिलिमीटरच्या पंचने, किती कापले गेले, कुठे किती लावले आणि मागे अंदाजे किती शिल्लक आहेत हे लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय तो मिळत नाही. मागून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आठ-दहा वर्षांनी भोवरा उघडा पडेल तेव्हा ते क्लिनिक त्या पत्त्यावर असेलच असं नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘मागचे किती गेले?’ हाच असणार आहे.